पाठीमागचा हुक

सोमवार, २८ ऑक्टोबर

आज पुन्हा त्या लामने पाठीमागून येऊन माझा हुक ओढला.

रोज ओढतो. परांचीवर चढलं की आम्ही कमरेच्या पट्ट्याचा हुक दोरीला अडकवतो. मग हा येतो. वेल्डर आहे, व्हिएतनामचा, वयाने माझ्या बापाएवढा. त्याचं काम खाली जमिनीवर. तरी आधी वर चढतो, मागून दोन झटके देतो आणि एक शब्द न बोलता उतरून जातो. हसणं नाही, सलाम नाही. सगळ्यांचाच ओढतो, पण माझा जरा जास्त जोरात. पाठीला काय डोळे असतात? एखाद्या दिवशी ओढायच्या ऐवजी ढकललं तर?

आज कॅम्प बॉस हम्मादला जाऊन सांगितलं. वाटलं होतं हाकलून देईल. उलट खुर्ची दिली, चहा मागवला.

"रोज खींचता?"

"रोज."

"सबका? तुम देखा?"

"देखा. सब देखता."

तो बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसला. मग म्हणाला, "ये बात और किसी को नहीं बोलना."

म्हणजे माझा संशय खरा. त्या माणसात काहीतरी भानगड आहे.

माझी बहीण झेबा फोनवर म्हणाली होती, तल्हा, तुझं डोकं फार फिरतं, ते कागदावर काढ म्हणजे माझ्याशी भांडणार नाहीस. म्हणून ही वही घेतली. मराठीत लिहितो, कारण खोलीत कोणाला वाचता येत नाही. एक नेपाळी आहे, त्याला अक्षरं लागतात. अर्थ लागत नाही म्हणतो. बघू.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

रजेचं विचारायला सेफ्टीच्या हर्षवर्धन साहेबांकडे गेलो. नाशिकचे आहेत, मराठी बोलतात, म्हणून. ते म्हणाले, "अरे, रजा माझ्याकडे नाही, हम्मादकडे. त्याच्याशी गोडीने राहा." सगळे हम्मादकडेच बोट दाखवतात.

झेबाचा निकाह पुढच्या महिन्यात. अब्बा नाहीत. आमच्यात निकाहात मुलीच्या बाजूने उभा राहणारा वली म्हणजे बाप, बाप नसला तर भाऊ. म्हणजे मी. इथून फोनवर चाचाला वकील करता येतं, जमातीने तसं सांगितलंय. पण झेबा म्हणते, अब्बांच्या आजारपणात ज्याने उंबरा ओलांडला नाही, तो माझा हात कोणाच्या हातात देणार? तू ये. नाहीतर तारीख पुढे ढकला. तारीख आधी एकदा ढकलली आहे, माझ्याचमुळे. सासरची माणसं परत ऐकतील का?

तीन वर्षं झाली घर बघून. सौदीत आधी जेद्दाला होतो, तिथे मन लागेना, मग इथे अल खर्जला आलो. इथेही लागत नाही. माझं कुठेच लागत नाही, असं आई म्हणते.

बुधवार, ३० ऑक्टोबर

आज नवीनच. दुपारी डबा खाताना लाम समोर येऊन बसला. बोटाने माझ्या छातीवर टिचकी मारली.

"सदीक. जुमा, मझरा. खाना. अच्छा खाना."

सदीक म्हणजे दोस्त, मझरा म्हणजे शेत. ही व्हिएतनामची माणसं सुट्टीला कुठल्यातरी शेतावर जातात, एवढं माहीत होतं. पण मला कशाला? दहा महिन्यांत हा माणूस माझ्याशी बोललेला नाही.

"और कौन?" मी विचारलं.

"हाशम. गाडी."

हाशमभाई म्हणजे पाण्याचा टँकर चालवणारे, आमच्या खाडीपलीकडच्या गावचे. ते जातात म्हणजे बरं. पण मग लाम उठताना काय बोलला, तर "हेल्मेट लाओ." सुट्टीच्या दिवशी, जेवायला, हेल्मेट! माझ्या हेल्मेटकडे तो आधीही टक लावून बघायचा. आत कोणीतरी मार्करने चार अक्षरं लिहिलीत, इंग्रजीसारखी, वर टिंबं-काड्या. स्टोअरने दिलं तेव्हापासून आहेत.

संध्याकाळी हम्मादला सांगितलं. या वेळी त्याने दार लावून घेतलं. म्हणाला, ते लोक तिथे दारू गाळतात. तू जा. काय पितात बघ.

"फोटू लाओ, छुट्टी लेजाओ. खलास. लेकिन संडे से पहले."

रविवारच्या आधीच का, ते विचारलं नाही. झेबाला लगेच फोन केला, येतो म्हणून. ती एवढी ओरडली की आई धावत आली.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

मझऱ्यावर बसून लिहितोय. उजेड आहे अजून.

शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून सकाळी हाशमभाईंच्या पिकअपमधून निघालो. पुढे ते आणि लाम, मागे मी आणि फुक नावाचा पोरगेला वेल्डर. रस्ताभर रेती, मग गाईंच्या गोठ्यांच्या लांबच लांब शेडी, मग खजुराच्या रांगा. आणि रांगांच्या मागे एकदम हिरवं. असं हिरवं मी या देशात बघितलं नव्हतं. मालक म्हातारा अरब आहे. त्याची फाटकं, पंप, पाण्याच्या टाक्या हे लोक फुकट जोडून देतात आणि बदल्यात तो हा कोपरा त्यांना लावायला देतो. असं हाशमभाई सांगतात. फुकट कोण काय देतं?

"हे यांचं गाव," हाशमभाई म्हणाले. "पासपोर्ट नको, तिकीट नको. उतर, व्हिएतनाम आलं."

पाटात आपली नाळीची भाजी माजलीय. हौदात मासे, वर बदकं. केळी, गवती चहा, पुदिन्यासारखी पण पुदिना नसलेली कसलीकसली पानं. उतरल्या उतरल्या लामने कॅम्पातला ओव्हरऑल काढून खुंटीला लावला, लुंगीसारखं काहीतरी नेसला आणि खजुराच्या झावळ्यांची विणलेली निमुळती टोपी डोक्यावर घातली. चालच बदलली त्याची. साइटवर वाकून चालतो, इथे ताठ.

मग मी बरणी बघितली.

उन्हात, रेतीत अर्धी पुरलेली. काचेची, घागरीएवढी. तोंडाला फडकं, फडक्यावर दगड. आत पिवळट पाणी. मी फुकला विचारलं, ये क्या? तो दात काढून हसला, अंगठा तोंडाला लावून दाखवला आणि म्हणाला, "टुमारो! टुमारो!"

आता याहून काय पुरावा हवा? कोणी बघत नाही बघून फोटो काढला आणि हम्मादला पाठवला. काम झालं. फोन परत खिशात टाकला.

दुपारनंतर लामने एक बदक धरलं आणि हाशमभाईंना घेऊन झोपडीमागे गेला. सुरी हाशमभाईंच्या हातात. दोघं कुजबुजत होते. मी गेलो तर लाम गप्प झाला. हाशमभाई म्हणाले, "तू जा रे, पाय धू." दोघं मिळून काय लपवतात?

त्यांच्या ताटातलं कसलं मांस असेल याची मला धास्ती आहे. मी आज खजूर आणि खुबूसची रोटी खाल्ली. लामने दोनदा जेवायला बोलावलं, मी पोट धरून दाखवलं. त्याने गवती चहा उकळून आणून दिला. तो रेतीत ओतला. नंतर वाईट वाटलं, वास चांगला होता.

शनिवार, २ नोव्हेंबर

कसं लिहू? क्रमाने लिहितो.

सकाळपासून सगळे स्वयंपाकाला लागले. फुक मासे साफ करत होता, लाम आलं ठेचत होता. एका बाटलीतून त्यांनी माशाचं पाणी ओतलं आणि मी नाक धरलं. मग वाटलं, अरे, हा तर आमच्या अंगणात सुकट वाळत घातल्याचा वास. नाक सोडलं.

झोपडीत चटई घातली. लामने वाट्या मांडल्या. मी मनात मोजत गेलो. माणसं चार, वाट्या पाच. पाचवी फाटकाच्या बाजूला, तिच्यावर दोन काड्या नीट ठेवलेल्या, बाजूला पेला. म्हणजे कोणीतरी यायचंय. मी फाटकाकडे बघत राहिलो. मालक? की कोणी गिऱ्हाईक, दारू न्यायला? पोलीस आले तर मी कुठून पळणार, तेही बघून ठेवलं. बदकांच्या बाजूने कुंपण पडकं आहे.

"कौन आयेगा?" मी लामला विचारलं.

तो म्हणाला, "हेल्मेट."

मी दिलं. त्याने ते आपल्या बाहीने पुसलं, उलटं करून आतली अक्षरं बघितली, आणि त्या पाचव्या वाटीच्या पाठीमागे ठेवलं. जसा माणूस बसावा तसं. मग भात वाढला, बदकाची तंगडी ठेवली, उदबत्ती लावली, आणि दोघंही हात जोडून गप्प उभे राहिले.

मी उठलोच. "हाशमभाई, चढवलेलं मी नाही खाणार. चला इथून."

"बस खाली, येड्या," हाशमभाई दबक्या आवाजात म्हणाले. "तुझं-माझं ताट त्याने आधीच बाजूला काढलंय. तिकडे झाकून ठेवलंय बघ. काल बदक कोणी कापलं? मी. बिस्मिल्ला कोणी म्हटलं? मी. त्याने स्वतः येऊन विचारलं, तुमच्यात कसं चालतं म्हणून. त्या पोराला धाकधूक नको म्हणाला. पोरगं म्हणजे तू."

"मग ही वाटी कोणाची?"

"मेलेल्याची. आज बरसी आहे. यांच्यात त्या दिवशी त्याचं आवडतं रांधतात, त्याला वाढतात, मग चार माणसं बोलवून खातात. तुला बोलावलंय ते हेल्मेटमुळे. ते त्याचं होतं."

मी हेल्मेटकडे बघितलं. दहा महिने मी ते डोक्यावर घालतोय.

उदबत्ती विझेपर्यंत कोणी घास घेतला नाही. मग बसलो. ते लोक तांदळाचा पापड पाण्यात बुडवून मऊ करतात, त्यात मासा, पानं, केळ्याच्या फोडी घालून हाताने गुंडाळतात आणि त्या माशाच्या पाण्यात बुडवतात. मला जमेना, सगळं मांडीवर सांडलं. फुक लोळायचा बाकी राहिला हसून. "सदीक, नो सिमेंट! स्लोली!" लामने एक गुंडाळी करून माझ्या वाटीत ठेवली. मग फुकने माशाचा गाल काढून ठेवला. मग परत लामने बदक. माझ्या वाटीत सगळेच काहीतरी टाकत होते आणि स्वतः भाजी-भात खात होते. आधी वाटलं, हे स्वतः खात नाहीत आणि मला का खायला लावतात? हाशमभाई म्हणाले, "पाहुण्याला चांगला तुकडा देतात रे. खा. तुला कोण विष घालणार, तुझी किंमत काय?"

खाल्लं. आंबट, तिखट, पाण्यातलं. तीन वर्षांत एवढं खाल्लं नव्हतं.

मग लामनेच सांगितलं, मोडक्यातोडक्या शब्दांत आणि हातांनी. तुआन. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच वयाचा. माझ्याच परांचीवर.

"फॉल," तो म्हणाला. "ऑफिस सेज, नो हुक. तुआन नो हुक, तुआन फॉल्ट." मग त्याने हवेत मूठ धरली आणि दोनदा ओढली. तेच दोन झटके. "मॉर्निंग. माय हँड. हुक, यस. रोप, नो गुड. रोप ओपन."

पाठीत, पट्टा असतो तिथे, मला ते झटके जाणवले.

हाशमभाई म्हणाले, "सेफ्टीवाल्यांसमोर उद्या याची साक्ष आहे. वर्षभर हा एकटा सांगतोय की हुक होता. म्हणतो, तुआनचा होता, कारण मी सगळ्यांचे रोज ओढून बघतो. हम्माद म्हणतो, हा खोटं बोलतो, कोण रोज दुसऱ्याचे हुक ओढत बसतो? दोर हम्मादच्याच स्टोअरमधून जातो ना, दोर खराब ठरला तर तोच अडकेल."

उद्या रविवार.

तेवढ्यात फुक बरणी घेऊन आला. फडकं काढलं. मी पुढे वाकलो. आत, रेतीत पुरलेल्या अर्ध्या भागात, लिंबं. अख्खी, तपकिरी पडलेली, मऊ. मीठ घालून उन्हात ठेवलेली, गेल्या वर्षापासून. तुआननेच घातली होती म्हणे, जायच्या थोडं आधी. लामने प्रत्येक पेल्यात एक लिंबू ठेचलं, साखर, बर्फ, सोडा. पहिला पेला पाचव्या वाटीशी. दुसरा माझ्या हातात.

"पी की," हाशमभाई म्हणाले. "काय बघतोस? पाच वक्ताचा नमाजी मी, घटाघटा पितोय."

प्यायलो. खारट, आंबट, सालीचा कडवटपणा. आमच्या आईच्या जुन्या लोणच्याचा खार असतो तसा. पेला रिकामा केला.

पाटाच्या बाजूला जाऊन हम्मादला आवाज पाठवला, वो दारू नहीं, लिंबू है, मैंने पिया. त्याने नुसता अंगठा पाठवला. म्हणजे कळलं असेल. कळलंच असेल.

निघताना लामने बाटलीभर लिंबं बांधून दिली. "मामा. वेडिंग. सिस्टर." मामा म्हणजे आई; झेबाच्या लग्नाचं त्याला हाशमभाईंनी सांगितलं असणार. दिवसभर मी वाट बघत होतो की आता हा माझ्याकडे काहीतरी मागेल. साक्ष दे म्हणेल. मागितलं काही नाही. हेल्मेट परत माझ्या डोक्यावर ठेवलं आणि वरून थाप मारली.

रविवार, ३ नोव्हेंबर

लाम साइटवर आला नाही. फुकला विचारलं तर त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी हम्मादने बोलावलं. टेबलावर माझ्या रजेचा कागद, शिक्क्यासकट. म्हणाला, लामला दारूच्या भानगडीत धरलंय, गेटजवळच्या खोलीत ठेवलंय, फोन काढून घेतलाय. पोलिसांच्या लफड्यात न पडता पासपोर्टवर थेट एक्झिटचा शिक्का मारून गावी पाठवणार. साक्ष कॅन्सल.

"लेकिन वो लिंबू था. मैंने मेसेज किया."

"फोटू में लिंबू नहीं दिखता," तो हसून म्हणाला. "मंगल को आके पेपर लेजाओ. बहन की शादी मुबारक."

मी काय खोटं सांगितलं? काही नाही. फोटो खरा, मेसेज खरा. खोटं त्याने केलं. असं दुपारपासून स्वतःला सांगतोय.

आज कोणी हुक ओढला नाही. हात मागे नेऊन बघितला, तिथवर पोचत नाही. आपला आपल्याला ओढताच येत नाही तो.

झेबाने बांगड्यांचे फोटो पाठवलेत. हिरव्या घेऊ का लाल, विचारतेय. उत्तर दिलं नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

बाटली कुशीत घेऊन हर्षवर्धन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. तिथे हम्माद बसलेला. परत फिरलो असतो, पण साहेबांनी बघितलं.

"काय रे तल्हा? रजा मिळाली म्हणे."

"साहेब, तो फोटो मी काढला." मराठीत बोललो, म्हणजे हम्मादला कळू नये. पण फोटो हा शब्द त्याला कळलाच. "आणि ही त्या बरणीतलीच."

बाटली टेबलावर ठेवली. हम्माद उठला. "हराम चीज ऑफिस में? देखो साब, ये भी पीता!"

मी काय करतोय ते मलाच कळत नव्हतं. झाकण काढलं आणि त्या दोघांसमोर तोंडाला लावली. पाणी न घालता. मीठ असं चढलं की डोळ्यातून धार लागली, खोकला आला. परत लावली. म्हटलं, बोलवा पोलीस. माझं रक्त काढा. माझं तोंड हुंगा.

साहेबांनी बाटली ओढून घेतली. वास घेतला. करंगळी बुडवून जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"हे मीठ आहे रे. नुसतं मीठ आणि लिंबू." मग हम्मादकडे वळून हिंदीत, "ये आपने चखा था?"

हम्माद म्हणाला, फोटो आहे, बास आहे.

"आणि साहेब," मी म्हणालो, कारण आता थांबलो असतो तर परत बोललोच नसतो, "तो रोज हुक ओढतो. सगळ्यांचा. माझापण. मी हम्मादकडे त्याची तक्रार केली होती, गेल्या सोमवारी. विचारा त्याला. केली होती की नाही?"

साहेबांनी कागद ओढून माझं बोलणं लिहून घेतलं. आधी एवढं लक्ष देऊन कोणी माझं ऐकलं नव्हतं. म्हणाले, "हेच साक्षीत सांगशील? सही करून?"

"सही येते मला."

बाहेर येताना हम्माद दारात आडवा झाला. रजेचा कागद माझ्या डोळ्यांसमोर धरला, घडी घातली, खिशात ठेवला. "तुम्हारी छुट्टी," म्हणाला, "खलास."

साहेब म्हणतात, रजेचं मी वर बोलतो. बोलतील? मोठी माणसं बोलतो म्हणतात.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

साक्ष दिली. लामला खोलीतून आणलं होतं, दाढी वाढलेली. मी बोलत असताना तो भिंतीकडे बघत होता. फोटोचंही सगळं सांगावं लागलं, त्याच्या समोर. दुभाषी त्याच्या कानात सांगत होता आणि लामच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. त्यापेक्षा एक वाजवली असती तर बरं होतं.

झेबाला फोन केला. रजा गेली म्हणालो. का गेली तेही सांगितलं. मला वाटलं, आता रडेल.

"त्या माणसाला सोडलं का?" तिने विचारलं.

"सोडलं. उद्या कामावर येईल म्हणतात."

"मग तारीख पुढे जाऊ दे. सासरी मी बोलते. चाचाला नाही उभा करायचा, सांगून ठेवते." आणि मग, "लिंबं सगळी प्यायलास की माझ्यासाठी ठेवलीस?"

सासरचे ऐकतील असं मला वाटत नाही. ती तसं बोलली नाही, पण तिलाही वाटत नसावं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

परांचीवर नवीन दोर लावलेत. हम्माद दिसला नाही. कोणी म्हणतं दुसऱ्या कॅम्पला गेला, कोणी म्हणतं चौकशी. मला दोन्ही खरं वाटत नाही.

लाम आला. खालून एकेक करून सगळ्यांकडे गेला, फुककडे, नेपाळ्याकडे, पंजाब्याकडे. दोन दोन झटके. मी सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात. त्याच्या पायांचा आवाज पत्र्यावर ऐकू येत होता. मग थांबला. म्हटलं, उतरला खाली. माझा आता कशाला ओढेल? आणि मागे वळून बघायची मला हिंमत नव्हती. हेल्मेट घट्ट केलं आणि पाठ करून उभा राहिलो.

खूप वेळ तसाच उभा होतो. खाली कोणीतरी घाई करत यल्ला, यल्ला ओरडत होतं.

मग पाठीत झटका बसला. एक. मग दुसरा. रोजच्यापेक्षा जोरात, एवढा की पट्टा पोटात रुतला.

रागाने ओढला की कसा, ते मला कळलं नाही. पण ओढून बघितला.